सीजीडी: आजार मामाच्या वाटेनं आला की दोन्ही घरांकडून, यावर बाळाच्या इन्फेक्शनचं गणित कसं बदलतं?

"बाळाचा मामा लहानपणी गेला होता का? कशानं?"

वारंवार गळू, न्यूमोनिया किंवा गाठी होणाऱ्या मुलाला घेऊन आई-वडील मोठ्या दवाखान्यात जातात, तेव्हा तिथले डॉक्टर कधीकधी असा प्रश्न विचारतात. आजारी आहे मुलगा आणि चौकशी चाललीय मामाची, याचं घरच्यांना नवल वाटतं. पण क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी, या जन्मजात आजारात या एका प्रश्नाच्या उत्तरावर बरंच काही ठरतं. पहिलं मोठं इन्फेक्शन कुठल्या वयात येईल, ते किती जोरदार असेल, घरातल्या कोणकोणत्या मुलांची तपासणी करायची आणि पुढच्या बाळाला धोका किती, हे सगळं त्यात आलं.

आजार दुर्मीळ आहे. जगभरात साधारण दोन ते अडीच लाख जन्मांमागे एक, असा अंदाज सांगितला जातो. भारतात मात्र अनेक मुलं निदान होण्याआधीच दगावतात, त्यामुळे आपल्याकडचा खरा आकडा कागदावर दिसतो त्याहून मोठाच असणार.

पेशी जंतू गिळते, पण मारू शकत नाही

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल नावाचा एक प्रकार असतो. शरीरात जंतू शिरला की सगळ्यात आधी धावून जाणारी ही फौज. ती जंतूला गिळते आणि मग त्याच्यावर ऑक्सिजनपासून बनवलेलं रसायन सोडते. आधी सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी पाण्याच्या टाकीत टाकतात त्या ब्लिचिंग पावडरच्या जातीचं तिखट द्रव्य. हे रसायन बनवणारं यंत्र म्हणजे एनएडीपीएच ऑक्सिडेज.

सीजीडीमध्ये पेशी असतात, त्यांची संख्याही पुरेशी असते, त्या धावतात आणि जंतूला गिळतातही. फक्त हे यंत्र चालत नाही. गिळलेला जंतू पोटात जिवंत राहतो. शरीर मग त्याच्याभोवती आणखी पेशींचा वेढा घालतं आणि गाठ तयार होते. तिलाच ग्रॅन्युलोमा म्हणतात. आजाराचं नाव त्यावरूनच पडलं.

सगळेच जंतू या मुलांना छळत नाहीत, हे इथे लक्षात घ्यायला हवं. सर्दी-खोकल्याचे विषाणू, गोवर, कांजिण्या यांच्याशी ही मुलं इतरांसारखीच लढतात. त्रास देतात ते मोजके जंतू. स्टॅफिलोकोकस ऑरियस यकृतात आणि लसिकाग्रंथींत गळवं करतो, सेराशिया हाडांत शिरतो, बर्कहोल्डेरिया आणि नोकार्डिया फुप्फुसात घर करतात. शिवाय साल्मोनेला आहे. आणि या सगळ्यांपेक्षा धास्ती वाटावी अशी बुरशी, ॲस्परजिलस. भारतात आणखी एक भर पडते ती क्षयाच्या जंतूची, आणि जन्मल्याबरोबर दंडावर टोचल्या जाणाऱ्या बीसीजी लसीची. तिच्यातला जंतू जिवंत असतो. धडधाकट बाळाला तो काही करत नाही. सीजीडीच्या बाळाच्या काखेत मात्र तो गाठ उठवू शकतो आणि क्वचित अंगभर पसरूही शकतो.

यंत्र एक, सुटे भाग अनेक

वारशाचा मुद्दा इथून सुरू होतो. हे यंत्र अनेक प्रथिनं जुळून बनतं आणि प्रत्येक प्रथिनाचा जनुक वेगळ्या ठिकाणी आहे. मुख्य भागाचं नाव जीपी-९१, त्याचा जनुक सीवायबीबी. तो एक्स गुणसूत्रावर बसलेला आहे. बाकीच्या भागांचे म्हणजे पी-४७, पी-६७, पी-२२, पी-४० यांचे जनुक इतर गुणसूत्रांवर आहेत. २०१८ मध्ये या यादीत इरॉस नावाच्या आणखी एका प्रथिनाची भर पडली. यातला कुठलाही भाग बिघडला तरी आजाराचं नाव एकच, सीजीडी. पण तो घरात कसा उतरतो, हे बिघाड कुठल्या भागात आहे यावर ठरतं.

१९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्यासमोर आलेले रुग्ण मुलगेच होते आणि ते वाचत नव्हते. त्यामुळे हा मुलग्यांचाच आजार, असा समज झाला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मुलींमध्येही तो सापडू लागला आणि वारशाची दुसरी वाट असली पाहिजे हे कळलं. तरी जुना समज पुरता गेलेला नाही. मुलीला वारंवार गळवं झाली तर सीजीडीचा विचार अजूनही उशिरा होतो.

पहिली वाट: आईकडची

पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच असतं आणि ते आईकडून येतं. त्यावरचा सीवायबीबी बिघडलेला असेल तर त्याला पर्याय नाही. बाईकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा काम चालवतो. ती वाहक होते. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मीच.

इथे मराठी नात्यांची नावं फार कामाची ठरतात. इंग्रजीत अंकल म्हटलं की मामा, काका, मावसा सगळे एकाच टोपलीत. मराठीत हिशेब स्वच्छ होतो. या वाटेच्या आजारात पाहायचं ते मामाकडे, आईच्या मामाकडे आणि मावशीच्या मुलाकडे. काका, चुलतभाऊ, आतेभाऊ यांचा याच्याशी संबंध नाही. मामेभावाचाही नाही, कारण मामाचं एक्स त्याच्या मुलाकडे जातच नाही. सीजीडी झालेला मुलगा मोठा होऊन बाप झाला, तर त्याच्या सगळ्या मुली वाहक असतात आणि मुलगे आजारातून सुटतात.

घरात कुणीच दगावलं नसेल म्हणून ही वाट नाकारता येत नाही. कधीकधी बिघाड नव्यानं घडतो आणि त्या घरातला तो पहिलाच मुलगा असतो.

दुसरी वाट: दोन्ही घरांची

पी-४७, पी-६७, पी-२२ यांच्या बाबतीत आजार व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, कारण सिकलसेल अगदी असाच चालतो. आई एएस, वडील एएस, दोघंही ठणठणीत. आणि प्रत्येक बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरसारख्या तालुक्यात सिकलसेलची तपासणी गावोगाव माहितीची झाली आहे. सीजीडीच्या दुसऱ्या वाटेचं गणित त्याच पाटीवर मांडता येतं.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न याच वाटेवर येतो. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा जोडप्याचे एक आजी-आजोबा सामाईक असतात, त्यामुळे एकच बिघडलेली प्रत दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. पण नात्यात लग्न नसलं तरी एकाच जातीत आणि ठरावीक गावांतच पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत राहिल्या की हळूहळू तेच घडतं. तुर्कस्तान, इराण अशा देशांत नात्यातली लग्नं जास्त आहेत आणि तिथे सीजीडीची ही दुसरी वाटच वरचढ आहे. अमेरिका आणि पश्चिम युरोपात उलट चित्र आहे, तिथे सुमारे दोनतृतीयांश रुग्ण एक्सच्या वाटेचे असतात.

भारत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे आणि दुसऱ्या वाटेचा वाटा आपल्याकडे लक्षणीय मोठा आहे. हे कळलं त्यात मुंबईचा हातभार मोठा. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एनआयआयएच म्हणतात आणि ती आयसीएमआरची संस्था आहे. तिथल्या डॉ. मनीषा मडकईकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ९० भारतीय रुग्णांच्या जनुकीय निदानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून २३६ रुग्णांची माहिती एकत्र मांडली. त्याआधी आपल्याकडचे डॉक्टर पाश्चात्त्य पुस्तकांतल्या प्रमाणावरच अंदाज बांधत होते.

मग इन्फेक्शनमध्ये फरक का पडतो?

अमेरिकेत ३६८ रुग्णांची एक नोंदवही तयार झाली आणि तिचे निष्कर्ष २००० साली आले. एक्सच्या वाटेच्या रुग्णांचं निदान सरासरी तिसऱ्या वर्षी झालं होतं, दुसऱ्या वाटेच्या रुग्णांचं जवळजवळ आठव्या वर्षी. लसिकाग्रंथीत पू होण्याचं प्रमाण पहिल्या गटात ५९ टक्के, दुसऱ्यात ३२. जंतू थेट रक्तात उतरण्याचं प्रमाण २१ आणि १०. गाठीमुळे जठराची वाट अडण्याचं १९ आणि ५. मृत्यूंचं प्रमाणही पहिल्या गटात दुपटीहून जास्त होतं, सुमारे २१ टक्के विरुद्ध ९ टक्क्यांच्या आत. हे आकडे जुने आहेत, आताच्या औषधांनी दोन्ही गटांत परिस्थिती बरीच सुधारली आहे. पण दोघांमधलं अंतर इतर देशांच्या नोंदींतही दिसत राहिलं.

कारण गुणसूत्रात नाही, यंत्रात आहे. जीपी-९१ म्हणजे या यंत्राचं इंजिन. तेच नसेल तर रसायनाचा एक थेंबही तयार होत नाही. पी-४७ हा इंजिनाला बाकीचे भाग जोडून देणारा जोडारी. तो नसला तरी इंजिन जागेवर असतं आणि अडखळत का होईना, थोडंसं रसायन झिरपत राहतं. प्रयोगशाळेत हे प्रमाण नगण्य वाटतं, पण जगण्यात त्यानं मोठा फरक पडतो. २०१० साली अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं की रुग्णाच्या पेशीत किती रसायन शिल्लक आहे, यावरून तो किती जगेल याचा अंदाज बांधता येतो.

म्हणून "एक्सचा आजार वाईट, दुसरा सौम्य" हे सूत्र पाठ करण्यात धोका आहे. अपवाद दोन्ही बाजूंना आहेत. एक्सच्या वाटेतले काही बिघाड असे असतात की प्रथिन बनतं, फक्त कमी किंवा लंगडं. अशा मुलांचा आजार सौम्य असू शकतो. उलट पी-२२ हे प्रथिन जीपी-९१ला चिकटूनच राहतं, एकाशिवाय दुसरं टिकत नाही. त्यामुळे पी-२२चा बिघाड आई-वडील दोघांकडून आलेला असला तरी आजार एक्ससारखाच तीव्र होतो. पी-४०च्या बिघाडाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात बुरशीची खोल इन्फेक्शनं सहसा होत नाहीत, आतड्याची सूज मात्र होते.

सौम्य असण्याचा तोटाही असतो, आणि तो आपल्याकडे जास्त भोगावा लागतो. पी-४७चा बिघाड असलेली मुलगी दहा-बारा वर्षांची होईपर्यंत कशीबशी तग धरते. एकदा मानेत गाठ, दोन वर्षांनी न्यूमोनिया, मग यकृतात गळू. प्रत्येक वेळी दवाखाना वेगळा, कागद वेगळे. क्षयाची औषधं सुरू होतात, कारण गाठीचा तुकडा तपासला तर ग्रॅन्युलोमा दिसतो आणि आपल्याकडे ग्रॅन्युलोमा म्हणजे क्षय, असं समीकरण बसलेलं आहे. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण तीच मुलगी तिसऱ्यांदा गाठ घेऊन आली तर पुन्हा तोच कोर्स देण्याआधी कुणीतरी थांबायला हवं. कमी तीव्रतेच्या आजारात मुलांना धोका होतो तो अनेकदा अशा उशिरापायी.

वाहक आईसुद्धा पूर्ण निर्धोक नसते

बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच चालू असतो, दुसरा झोपवलेला असतो. कुठला झोपवायचा हे गर्भात असताना चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. त्यामुळे वाहक बाईच्या रक्तात दोन प्रकारचे न्यूट्रोफिल सापडतात, काही चालू, काही बंद. साधारण निम्मे चालू असले की इन्फेक्शनच्या बाबतीत ती निरोगी राहते. पण चिठ्ठ्या एकीकडेच पडल्या आणि चालू पेशी वीस टक्क्यांच्या खाली गेल्या तर तिलाही सीजीडीसारखी इन्फेक्शनं होऊ शकतात. हे प्रमाण वयानुसार आणखी घसरू शकतं. चालू पेशी पुरेशा असलेल्या वाहक बायकांनाही उन्हानं त्वचेवर चट्टे उठणं, तोंड येणं, सांधे दुखणं असे त्रास होतात. मुलाच्या आजारपणात आईच्या या तक्रारी विचारायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

एका तपासणीत वाट कशी दिसते?

पूर्वी एनबीटी नावाची चाचणी करत. पिवळा रंग पेशींसोबत ठेवायचा, यंत्र चालू असेल तर तो निळा होतो. आता डीएचआर चाचणी वापरतात. पेशीत रसायन तयार झालं की त्यातला पदार्थ चमकतो आणि फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र एकेक पेशीची चमक मोजतं. रक्त थोडंसंच लागतं, पण ते ताजं लागतं. त्यामुळे गावातून नमुना कधी आणि कसा पाठवायचा हे आधी प्रयोगशाळेला विचारून ठरवावं लागतं.

मुलाबरोबर आईचंही रक्त घेतात ते वाट शोधण्यासाठीच. आईच्या आलेखात दोन डोंगर दिसले, एक चमकणाऱ्या पेशींचा आणि एक न चमकणाऱ्यांचा, तर ती वाहक आहे आणि आजार एक्सच्या वाटेचा आहे. आई-वडील दोघांचेही आलेख सरळ असतील तर बहुधा दुसरी वाट. मुलाच्या पेशी अगदीच अंधाऱ्या आहेत की किंचित चमकतात, यावरूनही अंदाज येतो. नेमका जनुक शोधण्यासाठी पुढची तपासणी लागते आणि पी-४७च्या बाबतीत ती किचकट असते. या जनुकाच्या शेजारीच त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दोन निकामी प्रती पडलेल्या आहेत. नेहमीच्या जनुकीय चाचणीत खरी प्रत कुठली आणि नकली कुठली याचा घोळ होतो आणि अहवाल "काही सापडलं नाही" असा येऊ शकतो. असा अहवाल आला म्हणून सीजीडी नाही असं होत नाही, डीएचआर काय सांगते ते महत्त्वाचं.

इतकी खटपट कशाला, असं वाटू शकतं. पण नेमका बिघाड माहीत असेल तरच पुढच्या गरोदरपणात सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. शिवाय घरातला दोषारोप थांबतो, हेही कमी नाही. मामाकडून आला म्हटलं की सुनेच्या माहेराकडे बोट जातं. वाहक असणं ही कुणाची करणी नसते, आणि बिघाड नव्यानं घडलेला असेल तर माहेराचाही संबंध नसतो. नात्यात लग्न झालेल्या जोडप्याच्या मुलाला सीजीडी निघाला तर ते लग्नामुळेच, असंही तपासणीशिवाय म्हणता येत नाही. एक्सची वाट नात्यातलं लग्न पाहून येत नाही.

भिवापूरच्या अंगणात

जनुक बदलता येत नाही, पण जंतूची गाठ पडणं बऱ्याच अंशी टाळता येतं. इथे ठिकाण महत्त्वाचं ठरतं. भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची ज्या भागाची, तिथे मिरची वाळवणं, सातऱ्यावर बसून तिचे देठ खुडणं हे कित्येक घरांचं काम. सोबत शेती आलीच. ॲस्परजिलस बुरशी राहते ती नेमकी कुजणाऱ्या वनस्पतीत. ओल लागलेला मिरचीचा ढीग, पावसात भिजलेलं कुटार, जुनं तणस, उकिरड्यातलं शेणखत, कुजलेला पालापाचोळा, हे सगळं हलवलं की बुरशीचे बीजाणू धुळीसारखे उडतात. इतरांना शिंका येतात. सीजीडीच्या मुलाला आठवडा-दीड आठवड्यात दोन्ही फुप्फुसं भरून टाकणारा न्यूमोनिया होऊ शकतो. पाश्चात्त्य देशांत बागेत खत-पाला पसरल्यावर असे रुग्ण आढळले, म्हणून त्याला मल्च न्यूमोनायटिस असं नावच पडलं. इथे औषध जंतूवरचं एकटं पुरत नाही. बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही द्यावं लागतं, म्हणून "मुलगा काल कुटाराच्या ढिगावर खेळत होता" हे डॉक्टरला सांगणं रिपोर्टाइतकंच मोलाचं.

तळ्यात किंवा साचलेल्या पाण्यात डुंबणंही या मुलांना वर्ज्य. अशा पाण्यात आणि मातीत क्रोमोबॅक्टेरियम नावाचा जांभळ्या रंगाचा जंतू असतो, तो एरवी माणसाच्या वाटेला सहसा जात नाही.

रोजच्या औषधांत दोन मुख्य. जंतूंसाठी कोट्रायमॉक्साझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल. पहिलं स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. बरं वाटलं म्हणून ही औषधं थांबवणं हीच पुढच्या इन्फेक्शनची सुरुवात ठरते. इंटरफेरॉन गॅमाच्या इंजेक्शनांनी गंभीर इन्फेक्शनं बरीच कमी होतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं. पण ती महाग असल्यानं आपल्याकडे सगळ्यांना परवडत नाहीत. कायमचा उपाय म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण. तिथेही वाट आडवी येते. दाता म्हणून सख्ख्या भावंडाचा विचार आधी होतो, पण एक्सच्या वाटेत बहीण वाहक असू शकते आणि दुसऱ्या वाटेत वरून निरोगी दिसणारं धाकटं भावंड स्वतःच रुग्ण निघू शकतं. त्यामुळे मॅरो जुळतो का, याच्याबरोबर डीएचआरही करतात.

एक्सच्या वाटेतल्या थोड्या मुलांमध्ये गुणसूत्राचा मोठा तुकडाच गळालेला असतो आणि त्यात शेजारचा एक्सके जनुकही जातो. अशा मुलाला साधं रक्त चढवलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि पुढे जुळणारं रक्त मिळणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून आजार एक्सच्या वाटेचा असेल तर रक्त देण्याआधी केल रक्तगटाची तपासणी करून घेतात.

सीजीडी झालेल्या मुलाच्या पाठीवर नवं बाळ येणार असेल, तर प्रसूतीच्या आधीच दवाखान्यात सांगून ठेवायची गोष्ट एकच, की डीएचआरचा निकाल येईपर्यंत बाळाला बीसीजी टोचू नये. पोलिओ, गोवर यांच्या लशी ठरल्या वेळी द्यायच्या, त्यांना अडचण नाही. एक्सच्या वाटेत ही सूचना मावशीच्या बाळंतपणालाही लागू आहे, आणि तिला ती कुणीतरी घरातूनच कळवावी लागते.